माइकवरचा रुमाल

६ ऑगस्ट
आज पुन्हा माझ्या जागी सुमननंच वाचलं. लागोपाठ तिसरा दिवस. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचाचं काम माझं. चार वर्षं झाली. विहार समितीचे अध्यक्षभाऊ म्हणे, "ताई, तुम्ही दमता, आराम करा." दमते? मी? दिवसभर वावरात निंदण करूनबी माझा आवाज कधी बसला नाई. काहीतरी लपवून राह्यले सारे.

९ ऑगस्ट
समजलं. आग लागो त्या माइकले!
विहारात झाडझूड कराले लवकर गेलती. माइकवर रुमाल गुंडाळेल. मागं दोघी बोलून राह्यल्या होत्या, "माइकचा स्पंज धुतला तरी वास जात नाई. ताईच्या तोंडाचा हाय." वरून हसल्या. झाडू तिथंच फेकला, घरी आली. एकीलेबी तोंडावर सांगता आलं नाई?

१० ऑगस्ट
ह्यांना विचारलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. म्हणे, "येते वास. दोन वर्षं झाली."
मग सांगतलं काहून नाई?
"तुले राग येते."
येईलच! खर्ऱ्याचं तोंड घेऊन हे पहिल्या रांगेत बसतात, त्यांच्यापासून कोणी सरकत नाई. समितीत हायेत ना.

१४ ऑगस्ट
इलायची, लवंग, बडीसोप, सारं चावून पाह्यलं. जाऊबाई म्हणे पोटाची गरमी हाय, म्हणून चूर्ण अन् सब्जा. काही फरक नाई. हातावर फुंकून पाह्यते, मले स्वतःले तर काहीच येत नाई. हेच जास्त डोक्यात जाते.

१९ ऑगस्ट
पुसदले गेली, दातांच्या डॉक्टरणीकडं. पोरगीच हाय. विचारलं, "ब्रश करता?" नाई म्हटलं. दोन वर्षांमागं हिरड्यांतून रक्त आलं, तर जाऊबाई म्हणे ब्रशानं हिरड्या सोलतात, बोटानं मंजन लाव. तेच करून राह्यली.
तिनं आरसा धरला. दातांच्या मुळाशी पिवळा थर, दगडासारखा. "रक्त या घाणीमुळं येत होतं. नेमका तेव्हाच ब्रश सोडला, घाण हिरडीखाली गेली. वास तिथून येतो, पोटातून नाही." दोन दात हलतात. पह्यली सफाई आजच केली.
जाऊबाईले काय बोलू? ऐकणारी तर मीच. बसमध्ये रडली. रागानं.

२ सप्टेंबर
दुसऱ्यांदा सफाई. हे म्हणे, सफाई केली की दात पडतात. म्हटलं, तुमचे पडतील आधी. नरम ब्रश आणला. रक्त येते तरी घासते. घासते अन् मनात एकेकाले शिव्या देते.

२५ सप्टेंबर
दहा दिवसांपासून रक्त नाई. सुमनले घरी बोलावलं. म्हटलं, जवळ ये, वास घे, खरं सांग. लाजली. मग आली जवळ.
"थोडा येते ताई. पह्यल्यासारखा नाई."
दोन वर्षं कुठं गेलती तुही जीभ, म्हणून तिच्यावरच ओरडली. मग चहा केला. तिलेबी रडू आलं.

६ ऑक्टोबर
उद्या समारोप, ग्रंथाची शेवटची पानं. कोण वाचणार, अध्यक्षभाऊनं अजून सांगतलं नाई. सुमन म्हणते, "मी उठणार नाई, ताई. तुमीच वाचा." समिती काय म्हणते काय माहीत.
नवा स्पंज आणला, पिशवीत टाकला. उद्या सगळ्यांसमोर तो रुमाल मी काढणार, माझ्या हातानं. मग वाचाले अध्यक्षभाऊले नाव कोणाचंबी घेऊ दे.