लाँच मागे का वळली

मेव्हणेसाहेबांच्या सेवेशी, खुर्च्यांच्या गोदामातून दाजींचा नमस्कार आणि त्यालाच जोडून अनेक आशीर्वाद. (वयाने मी मोठा म्हणून आशीर्वाद, पण तुम्ही पडलात बायकोचे भाऊ, म्हणून नमस्कार. दोन्हींतलं सोयीचं असेल ते ठेवून घ्या, उरलेलं परत पाठवू नका.) प्रकृती कशी आहे? पुलाचे खांब पाण्यात उभे राहिले, की अजून नुसता चिखलच उपसताय? तिकडचं जेवण कसं आहे हे विचारत नाही, कारण मागच्या फोनवर 'बरं आहे' म्हणताना तुम्ही जो श्वास सोडलात तो मला ऐकू आला. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुमची ताई सुखरूप आहे, फक्त आईंशी बोलत नाही. आईही सुखरूप आहेत, फक्त ताईशी बोलत नाहीत. दोघींना एकमेकींना जे ऐकवायचं असतं ते त्या मला ऐकवतात, पण एकंदरीत माझं मजेत चाललं आहे.

आता मुद्द्याचं. बाबा गेल्यावर तुम्ही कामावर परत निघालात तेव्हा गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणालात, "दाजी, बाबांना समुद्रात सोडायचं तेवढं बघा." आणि मी धावत धावत म्हणालो, "झालंच म्हणून समजा." तर ते झालेलं नाही. कसं झालं नाही हे सविस्तर कळवतो. दोष कुणाचा ते तुम्ही ठरवा, फक्त माझा नाही एवढं धरून चाला.

मी हा धंदा डोक्यावर खुर्च्या वाहून सुरू केला हे तुम्हाला ठाऊक आहे (नसेल तर ताई सांगेल, ती सगळ्यांना सांगते). आज अख्खं गाव माझ्या खुर्च्यांवर बसतं. लग्न असो, निवडणूक असो, शोकसभा असो, मी पडद्यामागे दोरीच्या वेटोळ्यावर बसून सगळी भाषणं ऐकतो. शोकसभांचा माझा अनुभव असा की मेल्यावर सगळी माणसं एकाच मापाची होतात: मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि सदा हसतमुख. (आपल्या त्या घरमालकाला वक्त्यांनी 'हसतमुख' म्हटलं तेव्हा दुसऱ्या रांगेतला त्याचा भाडेकरू इतका हसला की त्याला बाहेर न्यावं लागलं.) बाबांचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. कारण तो माणूस कुठल्याच तयार मापात बसणारा नव्हता.

मी ताईला मागणी घालायला आलो तो दिवस, तुम्ही शाळेत होतात म्हणून, तुमचा हुकला. बाबा सुट्टीवर आले होते. बाहेरच्या खोलीत येताना त्यांनी सपाट दारात गुडघ्याएवढा पाय उचलला, डोक्यावर हातभर जागा असताना मान खाली घातली, आणि मग आत आले. मला वाटलं, बिचाऱ्यांना वाताचा त्रास दिसतो. नंतर कळलं की जहाजावरची दारंच तशी असतात आणि घरी आल्यावर पहिला आठवडाभर त्यांचे पाय जहाजावरच असतात. बसण्याआधी त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग एंजिनाच्या वर आवाज चढवण्यात जन्म गेलेल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "कमावतोस किती?" गल्लीतली कुत्रीसुद्धा उत्तरासाठी थांबली. मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा बोंब मारली तेव्हा समोरच्या घरातून एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्यात कसं भागायचं?" बाबा म्हणाले, "भागेल. पोराचा आवाज खणखणीत आहे." आमचं लग्न ठरलं ते हे असं.

लोक त्यांना कप्तान म्हणायचे. सुरुवातीला ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्ती करत, की मी कप्तान नाही, एंजिनखोलीतला मेकॅनिक आहे, पुढे कंटाळले. तीस वर्षं नौदलात काढली ती जहाजाच्या पोटात, जिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि काही वर्षांनी तोही येईनासा होतो. शेजारी हौसेने विचारायचे, भर समुद्रात सूर्योदय कसा दिसतो हो? बाबा म्हणायचे, "आमच्याकडे पाइप होते." कान गेले तसे ते हाताने ऐकायला शिकले. पाण्याच्या पंपावर तळहात ठेवत, फ्रिजवर ठेवत, माझ्या टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून म्हणत, "याला खोकला झालाय, याला आज घरी राहू दे." माझी थोरली जन्मली तेव्हा दवाखान्यात नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावर दोन्ही घराणी हमरीतुमरीवर आली होती. बाबांनी तिच्या पाठीवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "चांगली चाललीये!" भांडण तिथेच मिटलं.

आणि संसार? सुट्टीवर आले की तुमच्या शाळेतल्या पालकसभेला ते कडक इस्त्रीचा गणवेश घालून जात. (एकदा चुकून दुसऱ्याच वर्गात बसले आणि कुणाच्या तरी मुलाचं गणित सुधारावं म्हणून पोटतिडकीने बोलून आले. तो मुलगा पुढे सुधारला म्हणतात.) निवृत्तीनंतर मात्र पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. कपाट भिंतीला आवळलं, कप आकड्यांना लटकवले, बरण्यांपुढे पट्टी ठोकली, म्हणजे लाट आली तरी काही पडणार नाही. आईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं जहाज तिकडे राहिलं. हे माझं आहे. मी ते तुमच्याशिवाय चालवलंय." त्या दिवसापासून बाबा स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारायचे, "आत येऊ का?" रोज. आणि आई रोज जरा विचार केल्यासारखं करून म्हणायच्या, "या." असला लाडिकपणा मी तरण्या जोडप्यांतही पाहिलेला नाही, आणि मी जोडप्यांना खुर्च्या पुरवतो.

दर वाढदिवसाला केक कापून झाला की सुरी पुसत बाबा म्हणायचे, "मी गेलो की मला समुद्रात सोडा रे. जन्मभर आतून ऐकला, एकदा बाहेरून बघू तरी." आपण सगळे हसायचो. आई बशा गोळा करायच्या. त्या वेळी बशा जरा जास्त वाजायच्या, पण मला वाटायचं, बशाच त्या, वाजणारच.

तर मी जय्यत तयारी केली. धक्क्यावरची लाँच ठरवली. लाँचवाला आधी आढेवेढे घेत होता, पण त्याच्या बहिणीच्या लग्नाला खुर्च्या माझ्याच होत्या. बाबांचे नौदलातले सोबती शोधून काढले, त्यांत जहाजावरचे ते स्वयंपाकी काका, ज्यांच्या पोळ्यांबद्दल बाबा आयुष्यभर वाईट बोलत आले. वाचनालयाच्या अध्यक्षांना भाषणासाठी बोलावलं. आणि माणसांनी उभं का राहावं, म्हणून लाँचच्या डेकवर रांगा लावून माझ्या पांढऱ्या खुर्च्या मांडल्या, वर झालरीचे अभ्रे, पुढे ध्वनिक्षेपक. धक्क्यावरून ते दृश्य असं देखणं दिसत होतं की मी फोटो काढून पुढच्या जाहिरातीसाठी ठेवला आहे. स्वयंपाकी काका खुर्च्यांकडे बघून मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं: "बांधल्या नाहीत." मी मनात म्हटलं, आजवर माझी खुर्ची कुठे पळून गेलेली नाही.

बंदराच्या भिंतीपर्यंत सगळं ठीक होतं. भिंत ओलांडली, अध्यक्ष उभे राहिले, "कप्तानसाहेब म्हणजे मनमिळाऊ," म्हणाले, आणि पहिली लाट आली. सगळी शोकसभा बसल्या जागेवरून उजवीकडे निघाली. अध्यक्ष हातातल्या माइकसकट माझ्यासमोरून "कर्तव्यदक्ष" म्हणत गेले आणि दुसऱ्या लाटेबरोबर "सदा हसतमुख" म्हणत परत आले. भाषण पाठ असलं की माणूस कुठेही थांबत नाही. नौदलवाली म्हातारी मंडळी कठड्याला धरून डोळे पुसत होती, आणि ते रडणं नव्हतं. तुमच्या ताईचा चेहरा खुर्चीच्या अभ्र्यासारखा झाला होता. मी कठड्यावरून वाकून समुद्राशी एक खाजगी व्यवहार करत होतो, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. थोडक्यात, नौदलातल्या माणसाचं अख्खं कुटुंब एका लाँचवर आडवं झालं होतं.

आई सोडून. आईंनी जन्मात बोटीवर पाय ठेवला नव्हता. त्या दोन पाय फाकवून, बाबांच्या रक्षेचा पितळी डबा छातीशी धरून अशा उभ्या होत्या की स्वयंपाकी काका म्हणाले, "वहिनींना भरती करायला हवं होतं." मग ते टोपी काढून हलकेच म्हणाले, "वहिनी, आता." लाँचवाल्याने एंजिन बंद केलं. आईंनी झाकण काढलं आणि पाण्याकडे बघत राहिल्या. ध्वनिक्षेपक चालूच होता आणि अध्यक्ष नेमके घसरत त्यांच्या पायाशी येऊन थांबले होते, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू आलं. माझ्या कानांची गरजच पडली नाही. आमच्यापैकी कुणाशीही नाही, समुद्राशी, भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात आई म्हणाल्या, "तीस वर्षं तुझ्याकडे होते ना? मी एका शब्दाने बोलले का? मग आता बास." त्यांनी झाकण लावलं, घट्ट केलं, आणि लाँचवाल्याला म्हणाल्या, "वळवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुणाकडेच बघण्याच्या अवस्थेत नव्हतो. तेव्हा स्वयंपाकी काकांनी टाचा जुळवल्या आणि ओरडले, "ऐकू नाही आलं का रे? वळव!"

तेव्हापासून डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, बरण्यांच्या शेजारी. ताईचं म्हणणं असं की बाबांनी जन्मात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली आणि ती आईंनी मोडली. आईंचं म्हणणं काहीच नाही, त्या भाजी चिरतात. ताई रडते आणि मला म्हणते, तुम्ही कसले हो, एवढ्या सभा पार पाडता आणि घरची एक पार पाडता आली नाही. हे मला लागलं. म्हणून विनंती अशी की थोरल्या अधिकाराने (मुलगा म्हणून म्हणतो, वयाने तुम्ही धाकटेच) तुम्ही आईंना एक खरमरीत पत्र लिहावं: बाबांची इच्छा ती इच्छा, वगैरे. शब्द तुम्ही निवडा, तिखट असले तरी चालतील. मी दुसरी लाँच ठरवतो. गोष्ट मार्गी लागेल, तुम्ही निश्चिंत असा. मी हात घातलेलं काम अर्धवट राहिल्याचं कुणी दाखवून द्यावं.

तुमचा,
दाजी

ता.क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा उघडलं. खरमरीत पत्र लिहू नका. लिहिलं असेल तर फाडा.

ता.क. दुसरा. कारण असं की मघाशी आई गोदामात आल्या होत्या. एकट्याच. खुर्च्यांच्या थप्पीपुढे उभ्या राहून त्यांनी विचारलं, ती लाँच पुन्हा मिळेल का. मला वाटलं, जिंकलो! म्हटलं, उद्याच आणतो. तर म्हणाल्या, "उद्या कशाला? मी गेले की." आणि मग खाली बसून सांगितलं, ते सांगतो. जहाजावर घरच्यांना फिरवून आणायचा दिवस असतो म्हणे, वर्षातून एकदा. बाबा दर वर्षी विचारायचे. एका वर्षी ताई पोटात, एका वर्षी तुम्हाला गोवर, एका वर्षी त्यांच्या सासूबाई आजारी; दर वर्षी ह्या म्हणायच्या, पुढच्या वर्षी. करता करता ते निवृत्तच झाले. "तेव्हा आता दोघांना एकदमच सोडा," म्हणाल्या. "त्यांना एकट्याला कशाला पाठवायचं? त्यांची इच्छा मोडत नाहीये मी. फक्त माझं आवरून होईपर्यंत थांबवून धरलंय." मी, ज्याच्या तोंडी सभेच्या सभा आहेत, नाक पुसत राहिलो. ताईला सांगू का विचारलं, तर म्हणाल्या, "मी सांगते. तिच्याशी बोलायला काहीतरी कारण हवंच होतं."

ता.क. तिसरा, आणि हेच खरं काम. मी काही पुन्हा त्या लाँचवर पाऊल ठेवणार नाही, हे आईंनीही ओळखलंय. त्या म्हणाल्या, ते काम मुलाचं. त्याला विचारा, येईल का. मी म्हटलं, येणारच, न येऊन जातो कुठे? त्यावर जाता जाता दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आत्ताच एकदा येऊन जा म्हणावं. सराव म्हणून."