बत्तीस तासांचा दिवस

कामथडी, ता. भोर
बुधवार, २६ सप्टेंबर २००७

चि. अमृत यास आजीचा आशीर्वाद.

तुला एक आजी होती, हे आठवतंय का? होती काय, अजून आहे. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. काल गणपतीही गेले. तू यातल्या कशालाच आला नाहीस. आणि म्हणे पुण्यात बसून तू लोकांना आठवण करून देणारं यंत्र बनवतोस! आज काय काम केलं ते रोज भरायचं, नाही भरलं की यंत्र विचारतं. त्यात आधी तुझं स्वतःचं नाव घाल. कामाच्या जागी लिही, "आजीला फोन करणे."

हे पत्र शगुफ्ता लिहिते आहे. हायवेजवळच्या वस्तीतली, तुझ्या आईबरोबर नर्सरीत कामाला असते ती. मी बोलते, ती लिहिते. माझं "न्हाई" ती "नाही" करते. करू दे. तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला पत्र जायचंय.

म्हैस व्याली, रेडी झाली. भात पोटरीला आलंय. माझा गुडघा उतारावर कुरकुरतो, चढाला गप्प असतो, म्हणून मी येताना हळू येते. तुझी आई बरी आहे. घरीच असते.

इथं शगुफ्तानं पेन थांबवलं. म्हणाली, "आजी, घरी का असते ते लिहू का?"

मी म्हटलं, "म्हशीचं झालं का लिहून?"

"झालं."

"मग रेडीचं लिही. कपाळावर पांढरा ठिपका आहे."

तर ठिपका आहे. आता ऐक.

ऑगस्टात तू ते यंत्र नर्सरीत सुरू करून दिलंस, तो दिवस मला चांगला आठवतो. पुण्याहून नर्सरीचे मोठे साहेब आले होते. कंप्युटरला हार घातला होता. सगळ्यांत म्हातारी म्हणून नारळ मला फोडायला दिला आणि पाणी थेट वायरीवर उडालं. तुझं तोंड तेव्हा असं झालं होतं की, मला वाटलं, हा आता रडतोय. मग तू भिंतीवर पडदा लावून सांगितलंस. रोज संध्याकाळी ज्यानं त्यानं आपलं नाव, काम आणि तास भरायचे. दर शनिवारी त्याचा तक्ता आपोआप पुण्याला साहेबांकडे जाईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जास्त वाजवल्या, कारण मला कळलं काहीच नव्हतं आणि नातू माझा होता.

नर्सरीत बाया चार. तुझी आई, शगुफ्ता, जोहरा आणि भिमा. चौघींना आंब्याच्या कलमांचे वाफे वाटून दिलेत, हे तुला माहीत आहे. पण त्या काम कशा करतात, ते तू विचारलं नाहीस. एकटीनं आपल्या वाफ्यात दिवसभर पिशव्या भरत बसलं की कंबर मोडते आणि तोंडाला कुलूप लागतं. म्हणून सोमवारी चौघी भिमाच्या वाफ्यात, मंगळवारी जोहराच्या, बुधवारी शगुफ्ताच्या, गुरुवारी तुझ्या आईच्या. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या माहेरी गुंजवण्याला भाताची लावणी अशीच व्हायची, इर्जिक घालून. आज सगळा गाव आमच्या खाचरात, उद्या सगळा गाव शेजारच्या.

पहिल्या संध्याकाळी तास भरायच्या आधी चौघी आपल्या ओट्यावर आल्या. कंप्युटर तुझ्या आईलाच तेवढा येतो, तू शिकवलास म्हणून. तिनं विचारलं, "आत्याबाई, आज आम्ही सगळ्या भिमाच्या वाफ्यात होतो. भरायचं कसं?"

मी सुपारी कातरत होते. म्हटलं, "काम कुणाचं झालं?"

"भिमाचं."

"मग भिमाच्या नावावर टाका. दुसरीच्या बांधावर जायचं आणि मी एवढे तास राबले म्हणून लिहून ठेवायचं? लाज नाही वाटायची?"

तर सोमवारी भिमाच्या नावावर चौघींचे आठ-आठ मिळून बत्तीस तास पडले आणि बाकी तिघींच्या नावावर भोपळा. मंगळवारी जोहराचे बत्तीस. तुझ्या यंत्रानं बिनबोभाट घेतलं. इतकं शिकलास, पण दिवसात तास किती, हे त्याला सांगायला विसरलास.

महिन्याभरात तक्ते पुण्यात वाचले गेले. साहेबांना वाटलं, बाया आळीपाळीनं दांड्या मारतात आणि एकमेकींचे खोटे तास लावतात. भरणारा हात तुझ्या आईचा, म्हणून नोटीस तिला. दहा सप्टेंबरपासून ती घरी आहे. पुढच्या गुरुवारी, चार तारखेला, साहेब येणार आणि तिला ठेवायचं की काढायचं ते सांगणार. तुझा बाप गेला तेव्हापासून बारा वर्षं ती त्या नर्सरीत आहे. तुझ्या कॉलेजची सगळी वर्षं त्यातच आली. आता दिवसभर धुतलेली भांडी पुन्हा धुते.

तिनं साहेबांना ना माझं नाव सांगितलं, ना तुझं. सासूचा शब्द होता असं म्हणाली नाही. पोरानं यंत्रात जागाच ठेवली नाही असंही म्हणाली नाही. हे पत्र चाललंय हेसुद्धा तिला माहीत नाही. ती नदीवर गेली आहे.

आता शगुफ्ता, पुढचं नीट लिही. पुसट करू नकोस.

नर्सरीचे आनंदराव सुपरवायझर परवा घरी आले होते. ते म्हणाले, नोटीस काढायच्या आधी साहेबांनी अमृतला फोन करून विचारलं होतं, यंत्र चुकलं असेल का? अमृत म्हणाला, यंत्र बरोबर आहे.

मी आनंदरावांना चहा दिला. दुसरं काय देणार?

तुझी पहिली नोकरी, पहिलंच यंत्र. भीती वाटली असेल. ज्या तक्त्यात आईचं नाव होतं तो तू उघडून बघितलास की नाही, ते मी विचारत नाही. नोटीस निघाल्यापासून तू घरी का फोन करत नाहीस, तेही विचारत नाही. माझी चूक मी गुरुवारी साहेबांच्या तोंडावर सांगणार आहे. तुझी तू लिहून पाठव. गुरुवारच्या आत.

आजी धोंडाबाई
(अंगठा मीच उठवला आहे. शगुफ्ता नको म्हणत होती.)


कामथडी
शनिवार, ६ ऑक्टोबर २००७

चि. अमृत यास आशीर्वाद.

आज लिहायला तुझी आई बसली आहे. म्हणून अक्षर ओळखीचं वाटेल. मधेमधे ती पेन थांबवते आणि "हे कशाला, आत्याबाई" म्हणते. तिथं तिथं मी पुन्हा सांगते.

तुझा कागद बुधवारी दुपारी नर्सरीच्या फॅक्सवर आला. गुरुवारी आनंदरावांनी तो साहेबांसमोर मोठ्यानं वाचला. यंत्र करायच्या आधी बाया काम कशा करतात हे मी पाहिलं नाही, मिळून केलेल्या कामाला त्यात जागा ठेवली नाही, आणि तक्ता न उघडता यंत्र बरोबर आहे असं सांगितलं. तेवढंच. सबब एकही नाही. तुझी आई तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होती. आत्ताही तिकडंच बघते आहे. लिही गं.

मग मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, नावं कशी टाकायची ते म्या सांगितलं. नोटीस मला द्या."

साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे कामाला नाही, आजी."

"मंग माझी नोटीस हिला का?"

त्यांनी नोटिशीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण कुणी नेमके किती तास काम केलं, ते आता कळणार कसं?"

भिमा म्हणाली, "आमी तास न्हाई मोजले. तुमी कलमं मोजा."

कलमं मोजलेलीच होती, पुरी भरली होती. तरी साहेबांच्या कपाळावरची आठी जाईना. म्हणाले, "चौघी रोज हजर होत्या, याला पुरावा काय?"

मी म्हटलं, "रोज नव्हत्या. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात जोहरा तापानं दोन दिवस घरी होती. बघा तुमच्या कागदात."

आनंदरावांनी तक्ता काढला. त्या दोन दिवसांना बत्तीस नव्हते. चोवीस होते.

"खोटंच लिहायचं असतं," मी म्हटलं, "तर तिथंबी बत्तीसच लिवलं असतं की."

साहेबांनी तक्ता आनंदरावांना परत दिला. मग तुझ्या आईला म्हणाले, "सुलक्षणाबाई, सोमवारपासून या." माफी मागितली नाही. मी वाट बघितली, पण नाही. आनंदरावांनी चहा सांगितला, तो मात्र दोनदा आला.

तिचे चार आठवडे घरी गेले ते गेले. तेही लिहायला सांगते. पेन थांबलं तरी मी बोलणार.

आनंदराव म्हणत होते, तुझ्या कंपनीनं तुला त्या कामावरून काढून दुसऱ्याच्या हाताखाली बसवलं. बस. खाली बसलं की बाया काम कशा करतात ते दिसतं. यंत्रात आता "कुणाकुणाबरोबर" अशी नवी जागा झाली म्हणे, आणि ती तूच करून दिलीस, मगच त्या कामावरून गेलास. शगुफ्तानं काल आनंदरावांच्या मदतीनं भरून बघितलं. चार नावं एका ओळीत बसली.

तुझी आई म्हणते, त्याला विचारा जेवतो का वेळेवर. तूच लिहिते आहेस, तूच विचार. नाही म्हणाली.

आता एक राहिलं. इर्जिक झाली की ज्याचं काम झालं त्यानं राबणाऱ्यांना जेवू घालायचं असतं. दोन महिने त्या चौघींनी तुझं यंत्र चालवलं, तुझ्या चुका अंगावर घेतल्या आणि त्यात काय कमी आहे तेही दाखवून दिलं. तेव्हा जेवण तुझ्याकडं लागतं. येशील तेव्हा येशील, पण त्याआधी बेसनाचे लाडू पाठव. दुकानातले नकोत, खोलीवर स्टोव्ह आहे, बेसन स्वतः भाज. करपलं तर टाकून दे आणि पुन्हा भाज. भिमाच्या दाढा गेल्यात, म्हणून मऊ वळ. स्वारगेटहून भोरच्या एसटीत कंडक्टरकडं दे, आनंदराव फाट्यावर उतरवून घेतील. चौघींचे वेगळे पुडे बांधू नकोस. सगळे लाडू एकाच डब्यात घाल आणि डब्यावर कुणाचंही नाव टाकू नकोस.

तुझी आजी