पायांवरची शाल

प्रिय टाचणी,

मंगळवार, चार फेब्रुवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. वार-तारीख-वेळ मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तू "अगं, कधीचं म्हणतेस?" असं विचारशील आणि भोळा चेहरा करशील. तो चेहरा मला शाळेपासून पाठ आहे. त्या वेळी भिंती नसलेल्या त्या लाकडी सभागृहात आपण सगळे होणारे योगशिक्षक पाठीवर पडून मेल्याचं सोंग करत होतो. शवासन. डोळे मिटलेले, तळवे वर, छपरावर माकडांची पळापळ. माझ्या डाव्या हाताला तुझी मॅट होती. घंटा झाली, मी कुशीवर वळले, डोळे उघडले, तर तिथे नुसत्या फळ्या. जेवढ्या जागेवर मॅट होती तेवढ्या कोरड्या, बाकी सगळीकडे रात्रीची ओल. आणि माझ्या पायांवर तुझी करडी शाल.

मी जन्मभर स्टेशनवर माईकसमोर बसून गाड्या सोडल्या. मेल असो की पॅसेंजर, माझ्या आवाजाशिवाय एक हलली नाही. गाडी उशिरा आली तर दिलगिरीसुद्धा मीच व्यक्त करायची, जशी काही इंजिनात मीच बसले होते. अशा बाईच्या उभ्या आयुष्यात सूचनेविना सुटलेली गाडी एकच, आणि ती तू.

पळायचंच होतं तर तोंडावर सांगून पळायचं होतंस. मी चार शब्द जास्त बोलले असते, तू मान खाली घालून ओठ आवळले असतेस आणि तरी गेली असतीस, हे काय मला कळत नाही? पण शेजारचं माणूस डोळे मिटून विश्वासाने पडलेलं असताना त्याच्या हातावर तुरी द्यायच्या, ही कुठली रीत? आपल्या शाळेतल्या सिस्टरनी तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं. नाही, खरं तर केलं नसतं. तुझ्या त्या चेहऱ्याला सिस्टरसुद्धा फसायच्या. बाहेर मीच उभी राहायची.

बाकीचं मला इथल्या ऑफिसातल्या कारकुनाकडून कळलं. आदल्या संध्याकाळी तुला फोन आला होता, चिरंजीवांचा. आपला तो बाब्या म्हणतात, तसा तुझा बाब्या. सूनबाईंची नवी नोकरी सुरू झाली आहे, मुलांना शाळेतून आणायला माणूस नाही, आणि आईचे गुडघे एव्हाना बरे झालेच असतील. गुडघ्यांवर उपचार घ्यायला जाते असं सांगून तू घरातून निघाली होतीस, ते खोटं असं अंगाशी आलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, खरं सांग. सांग की मी योगशिक्षक व्हायला जाते आहे. तू म्हणालीस, हसतील गं. हसू देत ना. हसल्याने कुणाचे गुडघे दुखत नाहीत.

तर भाजी उतरवून परत जाणाऱ्या जीपमध्ये रिकाम्या टोपल्यांबरोबर बसून तू गेलीस. जीपचा आवाज मी ऐकला होता, बरं का. डोळे मिटलेलेच होते. मनात म्हटलं, आज भाजीवाला लवकर सुटला.

इथलं वर्तमान असं. पाऊस ऋतू बघून पडत नाही, मनात आलं की पडतो. वाळत घातलेले कपडे घातले होते त्याहून ओले होऊन परत येतात. न्हाणीघरात एक बेडूक राहतो, तो मला बघून आता उडी मारत नाही, मीही ओरडत नाही. आमच्यात तेवढं ठरलं आहे. शरीररचनेच्या तासाचा तो प्लास्टिकचा सांगाडा आठवतो ना, ज्याला तू हाडकाका म्हणायचीस? दमटपणाने त्याच्या उजव्या गुडघ्याला बुरशी आली आहे. या जंगलात माझ्यापेक्षा वाईट गुडघा असलेलं कुणीतरी सापडलं, म्हणून मी त्याला रोज नमस्कार करते. तुझी खाट अजून तशीच आहे. मच्छरदाणी मी गुंडाळलेली नाही. कुणी विचारलं तर सांगते की मला वर हात पोचत नाही. ताडासनात मात्र माझे हात किती वर जातात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आपला मास्तर, ज्याला आपण वेळू म्हणायचो, तो तसाच आहे. उंच, वाकेल तिकडे वाकणारा, आणि बोलणं असं की जणू शेजारी कुणाचं तान्हं झोपलंय. माझं त्याचं पहिल्यापासून वाजलं ते या आवाजावरूनच. पहिल्या सरावात मी शवासन सांगायला उभी राहिले तेव्हा काय झालं होतं आठवतंय? मी म्हटलं, उजवा पाय सैल सोडा, आणि अर्धा वर्ग उठून बसला. वेळूने मला बाजूला घेऊन सांगितलं की, ताई, तुम्ही सूचना देता तेव्हा गाडी आल्यासारखं वाटतं, माणसं सामान शोधायला लागतात. तू तोंडावर टॉवेल धरून हसत होतीस. इतकी हसलीस की तुझी पाठ हलत होती. तुझे यजमान गेल्यानंतर मी तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तो अपमान मी त्या हसण्यापोटी गिळला, नाहीतर त्या पोराची मी काय गत केली असती हे तुला ठाऊक आहे.

तुला मात्र तो कधी काही बोलला नाही. बोलणार काय? तू हात वर केलास की वाटायचं, हात वर करणं याला म्हणतात. एवढीशी बाई, वयाची साठी उलटलेली, नातवंडांच्या वह्यांना कव्हरं घालणारी, आणि मागे वाकली की वर्गातली ती लवचीक पोरंपोरी बघत राहायची. शिक्षिका व्हायचं ते तू. मी आले होते ती तुझ्या सोबतीला, आणि आता इथे तुझ्या जागेवर मी उरले आहे. घोडं पळालं आणि लगाम माझ्या हातात.

तू गेल्यावर मी शवासनात डोळे मिटले नाहीत. मिटवेनात. सगळे पडायचे, मी छपराकडे बघत राहायची. एके दिवशी वेळूने विचारलं, का मिटत नाही? मी सांगितलं की मागच्या खेपेला मिटले तेव्हा माणूस गेलं. मला वाटलं आता तो श्वासाबद्दल काहीतरी सांगेल. दुसऱ्या दिवशी त्याने मला मॅटवरून उठवून पुढे आपल्या जागेवर बसवलं आणि शिकवणाऱ्याचा नियम सांगितला. शवासनात वर्ग डोळे मिटतो, शिकवणाऱ्याने मिटायचे नाहीत. समोर इतकी माणसं सगळं टाकून पडलेली असतात, त्यांच्यावर एक जण तरी जागा पाहिजे. म्हणाला, तुम्हाला डोळे मिटता येत नाहीत ना, मग हे काम तुमचं.

टाचणी, हे ऐकून मला काय आठवलं ते तुला सांगायला नको. वसतिगृहाचा तो लांबलचक हॉल, लोखंडी खाटा, दिवे मालवून निघून जाणाऱ्या सिस्टरची पावलं. सगळ्या शाळेला दटावणारी मी, भोंगा म्हणून नाव पडलेली, आणि अंधार झाला की माझे पाय बर्फासारखे गार पडायचे. शेजारच्या खाटेवरून तू तुझी शाल माझ्या पायांवर टाकायचीस आणि अगदी हळू म्हणायचीस, "तू झोप. मी जागी आहे." तू खरंच जागी असायचीस की नाही हे मी कधी तपासलं नाही. मला झोप लागायची. पुढे लोकांनी मला विचारायचं सोडलं नाही, लग्न का नाही केलंस म्हणून. मी सांगायची, ड्युटी रात्रपाळीची, कोण पत्करणार? तू नाही विचारलंस कधी. बायका ज्या एका गोष्टीसाठी संसार मांडतात, ती मला तेराव्या वर्षी शेजारच्या खाटेवरून मिळाली होती. त्यानंतर कुणाकडे काय मागायचं?

मोठं झाल्यावर दोन खाटांची एक खोली घेऊ, असं आपलं तेव्हा ठरलं होतं. तू ते विसरलीस असं मला वाटत होतं. मग गेल्या वर्षी तुझ्या गच्चीवर कपडे काढताना मी या कोर्सचा विषय काढला, आणि तू चिमटे तोंडात धरूनच विचारलंस, तिथे खोलीत किती खाटा असतात? तेव्हा मला कळलं की विसरलेली नाहीस.

आता खरी बातमी. मागच्या पंधरवड्यात इथे वयस्कर लोकांचा एक गट आला, आठवडाभरासाठी. सगळे आपल्याहून मोठे. वेळूने त्यांना पाठीवर झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि आपल्या त्या 'तान्हं झोपलंय' आवाजात सूचना सुरू केल्या. कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही. डोळे उघडे असतात तेव्हा ही माणसं ओठ बघून कळून घेतात, मिटले की गेलं. घंटा झाली तीही ऐकू गेली नाही. हा बिचारा उभा, आणि समोर सगळे निवांत. एक आजोबा घोरत होते, एक आजी एक डोळा किलकिला करून शेजारणीकडे बघत होत्या की संपलं की काय. मी मागे उभी होते. मला राहवेना. मी माझ्या आवाजात, स्टेशनच्या आवाजात, सांगितलं की आता हळूच उजव्या कुशीवर वळा, घाई करू नका, सामान कुठेही जात नाही. सगळे एका वेळी वळले. त्या आजी नंतर मला म्हणाल्या, "बाई, पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं बोललं."

तो आठवडा मीच शिकवलं. आणि शेवटच्या दिवशी शवासनात मी पुढे बसले होते. तू कधी बघितली आहेस झोपलेली इतकी माणसं? तोंडं उघडी, चष्मे बाजूला काढून ठेवलेले, कुणाच्या मोज्याला भोक. कुणाच्याच चेहऱ्यावर काही लपवलेलं नव्हतं. त्या आजींचे पाय उघडे होते, नखं निळसर दिसत होती. मी उठले, चवड्यांवर चालत गेले आणि तुझी शाल त्यांच्या पायांवर घातली. घालून झाल्यावर परत जागेवर जायचं, एवढंच काम. पण मला तिथून हलवेना. मी उभीच राहिले.

तेव्हा लक्षात आलं की त्या मंगळवारी तूही अशीच उभी असशील. जीप खाली इंजिन सुरू करून वाट बघत होती, तुझ्या बगलेत मॅट होती, आणि मी तोंड उघडं टाकून पडले होते. मी त्या दिवसापासून एकच विचारत होते की गेलीस कशी. आता मला दुसरंच विचारायचं आहे. किती वेळ उभी होतीस?

बाब्याच्या फोनवरून तुझी उत्तरं येतात. "आई ठीक आहे." पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. ती उत्तरं मी मोजत नाही. तू ठीक कधीच नसतेस. तू बरी असतेस, किंवा ओठ आवळून असतेस.

हे पत्र भांडायला लिहिलं असं तुला इथपर्यंत वाटलं असेल, मलाही बसले तेव्हा तसंच वाटत होतं. पण कारण हे आहे. माझा कोर्स पुरा झाला आणि वेळूने मला इथेच राहायला सांगितलं आहे, वयस्कर लोकांचे गट शिकवायला. ओढ्याजवळची लहान खोली देतो म्हणाला. मी गेले, बघून आले. दोन खाटा आहेत. तुझा राहिलेला अर्धा कोर्स पुढच्या तुकडीबरोबर पुरा करता येतो, ते मी विचारून ठेवलं आहे, आणि उत्तर द्यायला मुदत मागून घेतली आहे. तू येणार नसशील तर मीही नकार देणार, कारण एका खाटेकडे बघत दुसऱ्या खाटेवर झोपणं मी पुष्कळ केलं. बाब्याची मुलं शाळेतून घरी येतील, टाचणी. त्यासाठी दोन मोठ्या माणसांची डोकी आहेत त्या घरात, जरा वापरू देत. आलीस तर मी तुला काही बोलणार नाही. एक दिवस तरी नाही. तू दमली आहेस, ये आणि डोळे मीट, या खेपेला पायांवर शाल मी घालते. गुरुवार, वीस मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझं उत्तर इथे ऑफिसात पोचलं पाहिजे. फोनवर नको, बाब्याकडून नको, जोडलेले हात तर नकोच. कागदावर, तुझ्या हाताने. येते किंवा येत नाही, आणि त्याखाली, किती वेळ उभी होतीस ते. तोवर मी जागी आहे.

तुझीच,
भोंगा