लसणावरचे मासे

३ तारीख, सकाळी.
ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तळं सोडून. महिनाभर मासे माझ्या हवाली. निघताना दोनच गोष्टी सांगितल्या, पण चारचारदा: पहाटे पाण्यात हवा घालणारा एरेटर लावायचा, आणि तरंगतं खाद्य मासे खातील तेवढंच टाकायचं. मी काय कुक्कुलं बाळ आहे? रिटायर होऊन दोन वर्षं झाली.
संकल्प: ताई परत येईल तेव्हा तिला स्वतःचे मासे ओळखू येता कामा नयेत.

४ तारीख.
माशांसाठी वनौषधी, असं पत्रक मिळालं. लसूण, हळद, कडुनिंबाचा पाला. रोगबिग जवळ फिरकत नाही. प्रमाण किलोला एक चमचा, खाद्याच्या गोळ्यांना चोळून सावलीत वाळवायचं. चमच्याने काय होतंय? मूठभर घेतलं. वाळवत बसायला वेळ कुणाला आहे? ताईच्या मिक्सरला वास लागला. धुवीन.

६ तारीख.
पहिला डोस. ओल्या लेपाने गोळ्या चांगल्या जड झाल्या होत्या. टाकल्या आणि मिनिटभरात पाण्यावर एक गोळी शिल्लक नाही! ताईच्या हातचं खायला यांना पंधरा मिनिटं लागतात. भूक सुधारली. उद्यापासून दुप्पट.

८ तारीख.
जाळेवाला आला होता. म्हणे, साहेब, गोळ्या बुडतायत, मासे खात नाहीयेत, वाळवून टाका. त्याला शांतपणे समजावलं की मासे पकडणं वेगळं आणि माशांचं आरोग्य वेगळं. जाताना वैद्यबुवा म्हणाला. आदराने असावं.

९ तारीख.
पहाटे एरेटर फार कोकलतो. औषधावरच्या धडधाकट माशांना त्याचे लाड कशाला? बंद केला. झोप उत्तम.

१२ तारीख, सकाळी सहा.
काय सांगू! सगळे मासे काठाशी वर आलेले. तोंडं उघडून माझ्याकडे बघतायत. मला ओळखायला लागले! ऑफिसात तीस वर्षं काढली, तिथे शिपाईसुद्धा एवढ्या प्रेमाने बघत नसे. डोळे भरून आले.

१४ तारीख, दुपारी.
ताईला फोन केला. नात चार दिवसांची झाली. ताईच तिला अंघोळ घालते, आवाजात नुसता आनंद. मग मीही जरा शेखी मिरवली, की मासे रोज सकाळी आ वासून मला भेटायला वर येतात. ताईने विचारलं, सगळे? सकाळीच? एरेटर चालू आहे ना? हो म्हणालो. खोटं नाही, मशीन चालू स्थितीत आहे. ती म्हणाली खाद्य बंद कर, आणि फोन ठेवला. गळा दाटून आला असावा.
ऐन रंगात बंद काय करायचं? निम्मंच टाकलं.

१५ तारीख.
ताई उजाडताच दारात. मिळेल त्या गाडीने आली. तोवर मासे पोट वर करून तरंगत होते. तिने आधी एरेटर लावला. मग बॅग तिथेच टाकून, पदर खोचून ती आणि जाळेवाला कमरेएवढ्या पाण्यात. तळाशी कुजलेल्या खाद्याचा काळा चिखल. सगळं माझंच, लसणाच्या वासासकट. मासे मला भेटायला येत नव्हते. गुदमरत होते.
मी काठावर मेलेले मोजले. दोनशे अकरा. ताईने आकडा ऐकला आणि पुन्हा पाण्यात उतरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ तारीख.
पत्रकात छपाईची चूक असेल म्हणून पुन्हा वाचलं. सगळं बरोबर लिहिलंय.
लाज वाटते. जेवताना ताईने नेहमीसारखं आधी मला वाढलं.

१७ तारीख.
भाचीचा फोन. ताई तळ्यावर, म्हणून मीच घेतला. मागे बाळ रडत होतं. आई अशी अचानक का गेली, म्हणाली. तळ्याची मोटर बिघडली, असं सांगणार होतो. नाही जमलं. जे केलं ते सगळं सांगितलं.
ती म्हणाली, आई यायला तयारच नव्हती. मीच म्हटलं होतं, मामा आहे ना.