सूर्यमाळचा तारपा, अवेळी

नाशिक, १२ मे

॥ श्री ॥

ती. ताईस हर्षालीचा सा. न. वि. वि.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. पुढच्या बाजूला मार्च महिना होता, त्यामुळे तुझ्या एकादशा आणि गॅस कधी आला हेही समजलं. फोन कर म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, फोनवरचं बोलणं परत वाचता येत नाही. म्हणून आपली लिहितेय.

बातमी मोठी आहे. आमचं ‘गोदातरंग’ केंद्र सिनेमाची गाणी सोडतंय. यापुढे दिवसभर लोकगीतं, भजनं, ओव्या आणि आपल्याकडची वाद्यं. पण केंद्राचा परवाना सिनेमाच्या गाण्यांवर घेतलेला आहे, तेव्हा गाण्यांचा प्रकार बदलायचा तर दिल्लीच्या कार्यालयाची मंजुरी लागते. त्यांनी सध्या चाचणी करायला परवानगी दिली आहे. मग त्यांचे साहेब जव्हारला येऊन ऐकणाऱ्यांची मतं घेतील आणि ठरवतील. मंजुरी आली तर लोकसंगीताचा सगळा विभाग माझ्याकडे येणार आहे. इतकी वर्षं इथे मी दुसऱ्यांनी निवडलेली गाणी लावली, आता निवडणारी मी.

आणि गंमत ऐक. दिवाळीत सूर्यमाळला गेले तेव्हा सुकऱ्याकाकांचा तारपा मी रेकॉर्ड केला होता ना, तीच आता केंद्राची ओळखधून झाली आहे. दर तासाला बातम्यांच्या आधी वाजते. बाबा असते तर भावाचं नाव घेऊन गावभर मिरवले असते.

तुझ्या भजनी मंडळाच्या सह्या घेऊन पाठिंब्याचं एक पत्र पाठव. तुझं अक्षर साहेबलोकांना वाचता येतं, माझं मलाही येत नाही. दाजींना नमस्कार.

माया आहे तशीच राहू दे, एवढं मागते.

तुझी,
हर्षाली


जव्हार, २८ जून

॥ श्री ॥

चि. हर्षालीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाठिंब्याचं पत्र त्याच आठवड्यात पाठवलं. मंडळातल्या रंजनाबाई सही करण्याआधी विचारत होत्या, रेडिओवर आपलं मंडळ घेतील का. म्हटलं, आधी पेटीच्या सुरात तर येऊ. त्या रागावल्या, पण सही केली. रेडिओचे सेल उतरले होते, ते उन्हात ठेवून पुन्हा चालवते आणि सकाळची भजनं ऐकते. चांगली असतात. यांना मात्र जुनी सिनेमाची गाणी हवी होती. डेपोतून आले की रेडिओकडे बघतात आणि पेपर उघडतात.

आता दुसरं. सोमवारी कमळाकाकी बाजाराला आली होती. चहा ठेवला, तो तिने घेतला नाही. मग हळूहळू बोलली.

आपल्या पाड्याची रीत तुला ठाऊक आहे. तारपा वाजायचा तो नवं भात घरात आल्यावर, कणसरीचा, धान्याच्या देवीचा, मान म्हणून. पाऊसकाळात तो आढ्याला टांगलेला असतो, पोरंसुद्धा त्याला हात लावत नाहीत. सूर्यमाळला मोबाइलला रेंज नाही, पण डोंगरावर तुमचा रेडिओ खणखणीत लागतो. पेरणी चालू आणि दर तासाला तारपा. लोक औत सोडून काकाच्या दाराशी गेले, तर तारपा आढ्यालाच होता. मग गोरखच्या दुकानात कळलं, की आवाज कुठून येतो. पेरणी झाली आणि पाऊस गेला. रोपं पिवळी पडली आहेत. म्हातारी माणसं म्हणतात, कणसरी अजून मातीतच आहे आणि तुम्ही तिला नाचायला बोलावता. स्वयंपाक व्हायच्या आधी पाहुण्याला पाटावर बसवावं तसं.

पाड्याचा कारभारी नवसू. त्याने बैठक घेऊन ठरवलं, की यंदा नव्याच्या सणाला तारपा काकाच्या हातात द्यायचा नाही. काकी सांगत होती, काका त्या दिवसापासून दारातच बसून असतात. विचारलं की म्हणतात, पोरीला मी हौसेने वाजवून दाखवलं, पेटीत धरून ठेवील असं कुठे वाटलं होतं.

तेव्हा ती धून तेवढी नवं होईपर्यंत बंद ठेव. बाकी सगळं वाजू दे. तुझ्या हातातली गोष्ट आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे, तो वेगळा कळवायला नको.

तुझी,
ताई


नाशिक, ६ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आमच्या केंद्राच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, अर्जात जे जे लिहून दिलंय तेच चाचणीत वाजलं पाहिजे, आणि ओळखधून अर्जात पहिल्याच पानावर आहे. ती काढली तर चाचणी मोडली असं धरतील. म्हणजे पुन्हा सिनेमाची गाणी, आणि मी पुन्हा जुन्या खुर्चीत.

शिवाय ताई, पावसाला रेडिओ ऐकू येतो का? तू मॅट्रिक झालेली आहेस. नवसूदादाला तूच समजाव, की वाजतंय ते यंत्र आहे, काका नाहीत. सुनावणी २१ तारखेला आहे. काकांना घेऊन ये. त्यांना बघून दिल्लीचे साहेब खूश होतील.

काकीला म्हणावं माझ्यावर रागावू नकोस. तूही नको.

तुझी,
हर्षाली


जव्हार, २३ जुलै

॥ श्री ॥

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी एकादशीला भात खात नाही, तेव्हा तांदळाला तिथी कळते का, असं तू कधी विचारलं नाहीस. पावसाचंही मग राहू दे. तो आता येतोय, पण पाड्याचा राग गेलेला नाही.

सुनावणी झाली. तुला तुमच्या लोकांकडून कळलं असेलच, पण माझ्या बाजूनेही कळावं. सभागृह भरलं होतं. साहेब हिंदीत बोलले. आपल्याकडचे बरेच लोक भिवंडी-ठाण्याला कामाला जाऊन आलेले, त्यांना समजलं, बाकीच्यांना गोरख सांगत होता. साहेब माणूस शांत. त्यांचं म्हणणं एवढंच, सिनेमाची गाणी हवीत की लोकसंगीत.

कमळाकाकी उठली. म्हणाली, सिनेमाची गाणी निंदणीला बरी, हात चालतात. तारपाही बरा, त्याच्या दिवसात. साहेब म्हणाले, म्हणजे कोणतं हवं? काकीने परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने. साहेबांना वाटलं असावं तिला कमी ऐकू येतं, तेही मोठ्याने बोलायला लागले. लोक हसले. नवसू म्हणाला, आमचं भांडण गाण्याशी नाही, वेळेशी आहे. साहेबांनी खाली मान घालून लिहिलं आणि सांगितलं, की गाण्यांचा प्रकार तपासणं एवढंच त्यांच्या हातात आहे, कोणत्या महिन्यात काय वाजवावं हा विषय त्यांच्या कामात येत नाही. ते चूक बोलले असं मला वाटत नाही. मग कागद वाटले. त्यावर दोनच चौकोन, बाजूने आणि विरुद्ध.

काका सगळ्यात मागे बसले होते. कोणी त्यांच्या शेजारी बसलं नव्हतं, म्हणून मी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, कोणत्या चौकोनात काय आहे. मी वाचून दाखवलं. बाजूने म्हणजे तारपा वाजत राहील आणि हर्षालीला विभाग मिळेल. विरुद्ध म्हणजे तारपा बंद. ते म्हणाले, माझी खूण बाजूने कर. माझा तारपा गेला तर गेला, पोरीचं काम राहू दे.

मी त्यांची खूण केली. मग माझा कागद घेतला आणि विरुद्ध केला. मंडळाच्या सह्यांचं पत्र आधी दिलंय ते माझ्यापुरतं मागे घेते, असंही खाली लिहिलं. तिसरा चौकोन असता तर तिथे केलं असतं.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. देवापुढे दिवा लावते तेव्हा तुझं नाव घेतेच, ते कमी होणार नाही.

तुझी,
ताई


नाशिक, २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

निकाल आला. मंजुरी नाकारली. मतं जवळजवळ सारखी पडली, ऐकणारे एकमताचे नाहीत, तेव्हा परवाना आहे तसाच राहील, असं लिहिलंय. सोमवारपासून सिनेमाची गाणी. धून बंद झाली, काकांना सांग. दाजींना आनंद होईल.

हर्षाली


जव्हार, २१ ऑक्टोबर

॥ श्री ॥

चि. हर्षालीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्रात शेवटी लोभ नव्हता. बघितलं मी. मागून घेण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून इतके दिवस गप्प बसले. पण पाड्यावरचं तुला कोण कळवणार?

धून बंद झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता नवसूचं मन वळेल. दोनदा सूर्यमाळला जाऊन आले. तो म्हणाला, बंद झाली ते चांगलंच, पण वाजली ती वाजली. यंदा नाही म्हणजे नाही. भात बरं आलं, तरी नाही. एकदा ठरलेलं माणूस बघून बदललं तर उद्या बैठकीला कोण येईल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तुझा विभाग गेला, काकांचा सण गेला, आणि माझ्या विरुद्धच्या खुणेने कोणाचं भलं झालं, याचा मेळ मला अजून लागत नाही.

परवा नव्याचा सण झाला. दिवस मावळला तसे लोक खळ्यावर जमले. तारपा करणच्या हातात दिला, काकांनीच शिकवलेला आहे तो. काका घरातून यायला तयार नव्हते. काकीने हाताला धरून आणलं. तारपा सुरू झाला, हातात हात घालून गोल धरला, आणि काकी काकांना ओढत गोलात घुसली.

आपण लहानपणापासून नाच बघत आलो, पण हे आपल्या ध्यानात कधी आलं नव्हतं. तारपेवाला मधे उभा, दोन्ही हात तारप्याला. त्याच्या बायकोचा हात कोणी धरायचा? लग्न होऊन आली तेव्हापासून काकी जावांच्या नाहीतर नणंदांच्या मधे नाचली. आणि ज्याच्या सुरावर सगळा पाडा पाय टाकतो, त्याला स्वतःला पावलंच येईनात! काका डावीकडे तेव्हा गोल उजवीकडे. काकी त्यांना भर गोलात शिव्या घालत होती, की एवढी वर्षं आम्हाला नाचवलंस, आता नाच. करणला हसू आवरेना, दोनदा त्याचा दम सुटला. नवसू तोंड फिरवून उभा होता, पण त्याचे खांदे हलत होते. काका नाचत राहिले. तिसऱ्या फेरीपर्यंत बरे जमले.

काल काकी बाजाराला आली, लंगडत. काकांनी तिचा अंगठा तुडवलाय, चांगला सुजलाय. मी हळद लावून दिली. या वेळी चहा घेतला, दोनदा. म्हटलं, पुढच्या वर्षी तारपा परत काकांच्या हातात येईल, नवसूने शब्द दिलाय. तर काकी म्हणाली, घाई नको. नवसूला मी सांगून ठेवलंय, अजून एक साल दंड चालू ठेव.

आणि जाताना म्हणाली, हर्षीला हे लिही.

राग असेल तो असू दे, पण त्याच्या शेजारी लोभालाही जरा जागा ठेव.

तुझी,
ताई