वाघीण नसल्याच्या अहवालावरून माझी सही काढून टाकणेबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्र अधिकारी,
वन कार्यालय.

विषय: वरच्या खोऱ्याच्या अहवालावरील माझी सही रद्द करणे व सुरुंग थांबवणेबाबत.
संदर्भ: सोमवारी सूचना फलकावर लागलेली खाणीची परवानगी.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयात नऊ वर्षे जंगलातले कॅमेरे तपासण्याचे काम करते.

१. गेल्या वर्षी वाघिणीने माझ्या धाकट्या भावाची चार मेंढरे मारली. मेलेल्या मेंढरात विष घालायला तो निघालाच होता. मी आडवी आले. खोरे राखीव होणार, आमच्या साहेबांनी तसा शब्द दिला आहे, असे आपल्या भरवशावर सांगून त्याची समजूत काढली. विषाचा डबा त्याने माझ्या हवाली केला.

२. त्यानंतर वाघिणीची एकेचाळीस छायाचित्रे जोडून मी अहवाल सादर केला. "मूळ प्रतच दे, मी स्वतः वरपर्यंत नेतो," असे आपण म्हणालात व मला समोरच्या खुर्चीत बसवलेत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

३. परवानगीसोबत तोच अहवाल फलकावर लागला आहे. "खोऱ्यात वाघाचे अस्तित्व आढळून आले नाही," असे त्यात नमूद आहे. छायाचित्रे गायब आहेत. शेवटचे पान तेवढे माझे आहे, सहीसकट.

४. मंगळवारी सुरुंग उडाले. बुधवारी पहाटे वाघिणीने एकेक करून आपले दोन बछडे भावाच्या गवताच्या कोठारात आणून ठेवले. भावाने मेंढरे वहिनीच्या माहेरी हलवली आणि मला बोलावणे धाडले. आता भाऊ विषाचा डबा परत मागणार, या धास्तीने मी गेले. तो एवढेच म्हणाला, "ताई, ती बिचारी कुणाच्या शब्दावर विसंबून राहिली नव्हती. मी राहिलो होतो." तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. रस्त्यावर उभा राहून बघ्यांना मात्र परत पाठवतो आहे.

सबब विनंती की, बछडे आईमागे चालू लागेपर्यंत सुरुंग बंद ठेवावेत, खोऱ्याची वाट मोकळी ठेवावी व माझी सही रद्द करावी. अहवालाप्रमाणे कोठारात कोणीच नसणार. खात्री करावयाची असल्यास आपण स्वतः यावे. दार उघडेच आहे.

आपल्या शब्दाची हमी स्वतःच्या भावाला देऊन बसलेली,
(सही)
कॅमेरा तपासनीस
शुक्रवार

सोबत: काही नाही. मूळ प्रत मागेच आपल्या हाती दिली आहे.