दोन माणसं, दोन तंबू

शुक्रवार, १ नोव्हेंबर

पवनचक्की पुन्हा कुरकुरायला लागली! शेजारचा अन्सेल्मो दुपारी शिडी घेऊन आला, वर चढला, बराच वेळ ठोकाठोकी केली. मग खाली येऊन दोन कप कॉफी प्याला आणि पीचच्या केकचा भलामोठा तुकडा हाणला. पैसे नेहमीप्रमाणे घेतले नाहीत. वेर्नर होता तेव्हा ही चक्की वर्षाकाठी एकदा तेल मागायची. नवरा गेला आणि त्याच्या चक्कीचंही रडगाणं सुरू झालं.

मी म्हटलं, कशाला एवढी मेहनत घेतोस, आता थोडेच दिवस राहिलेत. थँक्सगिव्हिंगला क्लेटन ट्रेलर घेऊन येणार आणि मला ह्यूस्टनला नेणार. ऑगस्टमध्ये मी स्टुलावरून पडले, सकाळभर स्वयंपाकघरात जमिनीवरच होते, तेव्हापासून लेकाच्या जिवाला घोर लागलाय. माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. पिवळी! मी हो म्हणून बसलेय. दुसरं काय म्हणणार?

अन्सेल्मो कपात बघत राहिला. मग त्यानं विचारलं, जायच्या आधी काही करायचं राहिलंय का? माझ्या तोंडून निघून गेलं - खडकावर जायचंय. रोज खिडकीतून दिसतो, डोंगराएवढा, गुलाबी, टकलासारखा गुळगुळीत, आणि वेर्नरचे गुडघे गेल्यापासून मी एकदाही वर चढलेली नाही. तिथं एक रात्र राहायचंय, तारे बघायचेत.

मग उद्याच जाऊ, म्हणाला.

शनिवार, २ नोव्हेंबर

काय शोभा झाली! खडकाच्या फाटकावर रेंजरच्या टोपीतली एक गोड मुलगी उभी. आरक्षण आहे का, म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, माझ्या आजोबांनी या खडकाखाली शेळ्या चारल्यात. हा सरकारचा नव्हता तेव्हा दर ईस्टरला आम्ही वर जाऊन अंडी लपवायचो. ती मन लावून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, हो बाई, पण आज पार्क भरलं.

आणि आमच्या नाकासमोरून ऑस्टिनच्या पोरापोरींच्या गाड्या आत चालल्या होत्या!

खरं सांगायचं तर आमच्या लानो गावाकडच्या एकाही माणसानं खडकासाठी कधी आरक्षण केलं नसेल. आपल्याच अंगणात जायला परवानगी कोण काढतं? सगळे असेच तोऱ्यात येतात, असेच परत जातात आणि घरी कुणाला सांगत नाहीत.

अन्सेल्मो स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. मी चिडले, मग मलाही हसू फुटलं. रस्त्याच्या कडेला गाडी लावली, मागची फळी पाडून बसलो आणि त्याच्या बहिणीनं मक्याच्या सालीत उकडलेले तमाले खाल्ले. मक्याची सालं सोलत दुपारभर समोरचा खडक बघितला. पोट दुखेपर्यंत हसायला किती दिवसांनी मिळालं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पार्कच्या आरक्षणाला फोन केला. पाच महिने आधीपासून लोक जागा अडवतात म्हणे! खूप शोधल्यावर पंचवीस तारखेची एक रात्र सापडली - कुणीतरी रद्द केलेली. क्लेटन सत्तावीसला येतोय. जमतंय!

फोनवरच्या बाईनं विचारलं, माणसं किती? म्हटलं, दोन. तंबू किती? दोन! एवढ्या जोरात ओरडले की मांजर पलंगाखाली पळालं.

रविवार, १० नोव्हेंबर

क्लेटनचा फोन. खडकाचं बोलले नाही. बोलले असते तर त्यानं डॉक्टरांनाच लाइनवर घेतलं असतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून रोज तळ्याच्या बांधावर चढउतार करतेय. अन्सेल्मो सोबत चालतो. मला धाप लागली की याला बरोबर तेव्हाच बुटाची नाडी बांधायची असते. मला काय कळत नाही होय?

शनिवार, २३ नोव्हेंबर

कपबशा गुंडाळून खोक्यात भरल्या. मग दोन कप परत बाहेर काढले. सोमवारी लागतील.

सोमवार, २५ नोव्हेंबर

फाटकावर तीच मुलगी! आरक्षण आहे म्हटल्यावर तिनं चक्क टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

घरी आले. अंग ठणकतंय आणि मी मूर्खासारखी एकटीच हसतेय. सगळं लिहून ठेवते.

तंबू मारायच्या जागेपर्यंत गाडी जात नाही, सामान वाहून न्यावं लागतं. अन्सेल्मोनं घरची ढकलगाडी आणली होती, कोंबडीखताची! धुतलेली होती, पण वास काही गेला नव्हता. शेजारच्या तंबूतलं तरुण जोडपं नाकाला रुमाल लावून हॅलो म्हणालं. आग पेटवायला बंदी, रान वाळलंय. मग गॅसच्या छोट्या शेगडीवर सॉसेज परतले.

दुपारी चढायला घेतलं. खाली पायवाट आहे, वर नुसता दगड. तिरपा, उघडा, पायाखाली खरखरीत. अर्ध्यावर माझे पाय लटपटायला लागले. वाटलं, संपलं, इथूनच मागं फिरायचं. अन्सेल्मो म्हणाला, उगाच सरळ छातीवर कशाला घेताय, शेळीसारखं आडवं आडवं चला. मी शेळी झाले. आणि पोहोचले! वर वारा असा की टोपी गेली ती गेलीच. चारी दिशांना आमचा मुलूख. आमची पवनचक्कीसुद्धा दिसली, काडीएवढी.

मला तळी बघायची होती. वरच्या दगडात खळगे आहेत, पाऊस पडला की त्यांत पाणी साठतं आणि पाण्यात नखाएवढे पारदर्शक कोळंबीचे जीव पोहायला लागतात. लहानपणी मी पोटावर झोपून तासन्‌तास बघायची. काल सगळे खळगे कोरडेठाक! तळाला नुसती धूळ. मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

अन्सेल्मो खळग्यात पाय पडणार नाही असा जपून काठावर बसला. म्हणाला, या धुळीतच त्यांची अंडी आहेत की, पाऊस पडला की येतील, तेव्हा परत यायचं.

मी म्हटलं, तेव्हा मी ह्यूस्टनला असेन.

तो हातानं टोपी फिरवत बसला. ही टोपी त्यानं वेर्नरच्या अंत्यविधीलाही अशीच फिरवली होती. मग खाली बघतच म्हणाला, "ओटिलीबाई, पवनचक्की इतक्या वेळा बिघडत नसते."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे गेली सहा वर्षं मी तिच्यावर चढून नुसता बसतो. थोडं ठोकतो. मग खाली येऊन कॉफी पितो."

"अरे, पण ती कुरकुरते ती?"

"आदल्या महिन्यात मीच एक बोल्ट ढिला करून ठेवतो."

काय माझा अवतार! बाहत्तराव्या वर्षी, टोपी उडालेली, केस भुतासारखे पिंजारलेले. आधी राग आला - सहा वर्षं मी रात्र रात्र ती कुरकुर ऐकत झोपलेय! मग काय झालं कोण जाणे, एकदम छाती भरून आली. आनंदच होता तो. दुसरं नाव नाही त्याला. पण बोलले एवढंच, ऊन उतरायला लागलंय, अंधाराआधी खाली पोहोचायला हवं. तो लगेच उठला. उतरताना अवघड जागी मी सरळ बसून घसरत आले. पँटचं काय झालं ते लिहीत नाही.

अंधार पडला आणि मी आपला मोठा टॉर्च लावला, तर शेजारचं जोडपं कळवळलं. आजी, पांढरा उजेड नको, डोळे दिपले की पुन्हा तारे दिसायला वेळ लागतो! अन्सेल्मोनं गळ्यातला लाल रुमाल काढून टॉर्चला बांधला. सगळ्यांचे चेहरे बीटासारखे झाले. मग तोही विझवला.

आणि वर - काय सांगू! घरी ओसरीतून इतकी वर्षं बघतेय, पण तिथं आकाश पार खांद्यापर्यंत खाली आलं होतं. मावळतीला शुक्र कधीच टेकला होता. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आलेला. अन्सेल्मो म्हणाला, बघा, शेळ्या आल्या. मी म्हटलं, कसल्या शेळ्या? ती कोंबडी आहे, पिल्लं घेऊन बसलेली, आमची ओमा, म्हणजे जर्मन आजी, तसंच सांगायची. तो म्हणाला, आमच्यात सात शेळ्याच आहेत. कोंबडी! शेळ्या! बराच वेळ भांडलो. शेवटी शेजारच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, साडेचारशे प्रकाशवर्षं लांब आहेत. याला काय अर्थ आहे?

झोपायला आपापल्या तंबूत गेलो. दिवसभर तापलेला खडक थंडीत कण्हतो, ते लहानपणी ऐकलं होतं. पण इतक्या जवळून! खोल कुठून तरी आवाज आला आणि मी ताडकन उठून बसले. मी हाक मारली, "अन्सेल्मो, जागा आहेस?"

"आहे ना," तो कापडापलीकडून म्हणाला. "हा बोल्ट मात्र मी ढिला केलेला नाही."

बुधवार, २७ नोव्हेंबर

क्लेटन आला. ट्रेलर अंगणात उभा आहे. आल्या आल्या मला मिठी मारली, जरा जास्तच वेळ. पोराचे केस पिकायला लागलेत. त्याला दुखवायचं जिवावर येतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की थोडी कोरडी झाली. अन्सेल्मो पेकानच्या दाण्यांची गोड पाई घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून. क्लेटन त्याला म्हणाला, अंकल, ती चक्की आता उतरवूनच टाकू या, जागा भाड्यानं द्यायची म्हणजे उगाच कटकट नको. अन्सेल्मोनं मान हलवली आणि पाईचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

खोकी दाराशी लावलीत. उद्या सकाळी निघायचं आहे. चक्की रात्रभर फिरतेय, जराही कुरकुर नाही. मला झोप येईना.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

क्लेटनचा ट्रेलर रिकामा परत गेला. मी इथंच राहणार म्हटल्यावर तो आधी चिडला, मग अंगणात अन्सेल्मोशी बराच वेळ बोलला, जाताना माझं स्टूल तेवढं घेऊन गेला.

दुपारी पार्कला फोन केला. एप्रिलअखेरची रात्र मिळाली, तोवर पाऊस होईल. तीच बाई होती. माणसं किती? दोन. तंबू किती?

एक, म्हटलं. या वेळी मांजर जागचं हललंसुद्धा नाही.